तापलेल्या जमिनीवरचं घर

गाडीचं इंजिन गरम झालं म्हणून आम्ही त्या जुन्या कोळशाच्या खाणीच्या गावात थांबलो. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं, रस्त्याला भेगा. एका दारातून मात्र शिलाई मशीनचा आवाज येत होता. बायकोने हाक मारली, "मावशी, गाडीसाठी थोडं पाणी मिळेल का?"

मावशी साठीच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठांत टाचण्या. खाण चालू होती तेव्हा त्या कामगारांचे कपडे शिवायच्या. आता उरलेल्या दहाबारा घरांचं उसवलेलं-फाटलेलं शिवून देत होत्या. पाणी दिलं आणि म्हणाल्या, "गाडी निवेपर्यंत आत बसा. चपला काढू नका हं."

बायकोने सवयीने काढल्याच, आणि किंचाळून उडी मारली.

"अगं, सांगितलं ना!" मावशी हसल्या. "खाली आग आहे. तीस वर्षं धुमसतेय. आंघोळीच्या पाण्याला सरपण नको. मागच्या अंगणात हंडा पुरला की झालं. जा, न्हाणीघरात पायांवर गार पाणी घे."

बायको पाय धुऊन आली. मी विचारलं, "मग इथून जात का नाही तुम्ही?"

मशीन थांबलं. "आग लागली तेव्हा खाली एकोणीस माणसं होती. आत हवा गेली तर आग भडकेल, म्हणून तिसऱ्या दिवशी खाणीचं तोंड भिंत घालून बंद केलं. आमचे हे खालीच आहेत." त्यांनी दाताने दोरा तोडला. "मी साहेबांना विचारलं, आत कुणी जिवंत नाही, हे नक्की ना? म्हणाले, 'गेलेच असतील.' असतील!"

तेवढ्यात मागे धप्प असा आवाज झाला. धावलो, तर न्हाणीघर जागेवर नव्हतं. तिथे विहिरीएवढा खड्डा आणि त्यातून पिवळट धूर. बादली, कपड्यांची दोरी, दोरीचा खांब, सगळं गडप. बायको पांढरीफटक पडली. दहा मिनिटांपूर्वी ती तिथे एकटी उभी होती.

"मावशी, चला! आत्ताच्या आत्ता!" मी ओरडलो.

त्यांनी मशीन स्टँडवरून सोडवून माझ्या हातात दिलं आणि गाडीत येऊन बसल्या. त्यांची धाकटी बहीण दोन तासांवर राहायची. ती दारातच रडायला लागली, "ताई, किती वर्षं सांगतेय गं तुला!"

आठवड्याने मी चौकशीला फोन केला.

"ताई परवा सकाळच्या बसने गेली," बहीण म्हणाली.

"कुठे?"

"घरी. आणखी कुठे? पुढच्या दोन खोल्या शाबूत आहेत म्हणाली."

मी फोन ठेवला. बायको समोरच बसली होती, "कशा आहेत?" विचारत होती. "घरी गेल्या," मी म्हणालो.