उणे वीस आणि अर्ध्या बाह्या

मंडळी, आज माझा घोर अपमान झालाय. लडाखला पाठवलेलं कानटोपीचं पार्सल लेकीने अजून फोडलंच नाही!

रस्त्याच्या कामासाठी ती तिथे कॅप्सूल घरात, म्हणजे कारखान्यात बनवून ट्रकने नेलेल्या तयार खोलीत राहते. बाहेर उणे वीस, आणि व्हिडिओ कॉलवर बाईसाहेब अर्ध्या बाह्यांत! "बाबा, आत उकडतंय." मागे दारावर ते घर बनवणाऱ्या कारखान्याचा पत्ता दिसला: वागळे इस्टेट, ठाणे.

तिथेच आमचे खालचे शेजारी परब अशा घरांच्या दारांना रबर बसवतात. ती घरं डब्यासारखी दिसतात, त्यामुळे मी त्यांना कायम 'डबेवाले' म्हणून चिडवतो.

कॉल चालू ठेवूनच डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीचे तीन जिने उतरलो. सगळं ऐकून परबांनी एवढंच विचारलं, "दारातून वारा शिरत नाही ना हो?"

लेकीने दार उघडलं, वारा किंचाळला. लावलं, एकदम शांत.

मी हळूच म्हटलं, "परब, चिडवलं त्याबद्दल माफ करा. पोर तुमच्यामुळे उबेत झोपते."