आधी शंका, मग सही

सुधाताईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे खरं तर माझ्या फजितीची गोष्ट. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात ती मीच सांगून टाकतो, नाहीतर आमच्या मंडळातलं कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेल. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूच्या एका वाचनालयात ताईंचं वेगवान रेल्वेवर व्याख्यान होतं. उल्हासनगरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाई, मुंबई-पुण्याच्या मध्ये तसली गाडी धावायची तर पैसा कुठून उभा करायचा, हे असं काही सोपं करून सांगत होत्या की मी जागच्या जागी त्यांचा भक्त झालो. भाषण संपताच पाठिंब्याच्या कागदावर सही करायला पुढे सरसावलो. ताईंनी पेन आपल्याच हातात ठेवलं.

"तुमची शंका काय?"

"शंका कसली? मला सगळं पटलं."

"मग आज सही नको. घरी बोला, चार लोकांचं ऐका. शंका सुचली की या."

घरी येऊन मी बायकोसमोर भरपूर तणतणलो. ती शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मिक्सर घेताना दुकानदाराचंही तुम्हाला सगळं पटलं होतं." पुढच्या रविवारी मी शंका घेऊन गेलो, सही केली, आणि वर्षभरात ताईंच्या रेल्वे-समर्थक मंडळाचा चिटणीस होऊन बसलो.

प्रत्येक सहीच्या वर त्या माणसाची शंका लिहायची, हा ताईंचा नियम. त्यापायी आमचे किती रविवार गेले म्हणून सांगू! इतर मंडळी सह्यांचे गठ्ठे करत, आणि आम्ही एकेका घरी दोन-दोन कप चहा पिऊन एक सही घेऊन बाहेर पडत असू. मी कुरकुरलो की ताई म्हणत, "अहो, ज्याला शंका विचारायला मिळाली नाही, तो उद्या पहिल्या अफवेला उलटेल."

उल्हासनगरातल्या एका सिंधी कापड व्यापाऱ्याने त्यांना विचारलं होतं, "मॅडम, इतना पैसा लगाओगे, वापस कब आएगा?" ताईंनी कर्ज, व्याज, तिकिटाचे दर, आजूबाजूच्या जमिनीच्या वाढत्या भावातून सरकारला मिळणारा वाटा, सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "आप के सामने शायद नहीं आएगा. पोते के टाइम पे आएगा." व्यापारी खो खो हसला. "तो फिर साईन पोता ही करेगा!" म्हणत त्याने खरोखरच नातवाला गल्ल्यावरून उठवून आणलं. ताईंनी त्यालाही शंका विचारलीच.

माझ्या मुलीला बारावीचं अर्थशास्त्र त्यांनी वर्षभर आपल्या घरी बसवून शिकवलं. फीचा विषय काढला तेव्हा मला असं काही झापलं की पुन्हा हिंमत झाली नाही.

पण ताईंचं मोठेपण मला खरं कळलं ते माझ्या अक्कामुळे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बदलापूरच्या पुढच्या एका गावात तिचं सासर, घरची भातशेती. मी या गाडीचा प्रचार करत फिरतो हे तिच्या कानावर गेलं, आणि त्या भाऊबीजेला तिने मला जेवायला वाढलं पण ओवाळलं नाही. "माजे शेतावर रूळ टाकनाऱ्याला मी कशाला ववालू?" म्हणाली. मी अर्ध्या जेवणावरून उठलो.

ताईंना हे कळलं तशा त्या माझ्याबरोबर थेट अक्काच्या ओटीवर येऊन बसल्या. मला वाटलं, आता समजूत घालतील. छे! दुपारभर फक्त ऐकत होत्या. तांदळाची भाकरी खाऊन उठताना एवढंच म्हणाल्या, "हे सगळं आमच्या सभेत येऊन बोला."

"मी बोल्ले तं तुमची सभा मोडंल."

"मोडू दे," ताई म्हणाल्या.

बदलापूरची ती सभा आधीच पैशांअभावी मोडायच्या बेतात होती. एका बिल्डरने हॉल, मांडव, पत्रकं, सगळा खर्च देऊ केला होता. अट एकच: बुलेट ट्रेनचं स्टेशन बदलापुरातच होणार, असं व्यासपीठावरून सांगायचं. आमच्या कमिटीच्या तोंडाला पाणी सुटलं. ताई त्या गृहस्थांना म्हणाल्या, "ती गाडी इथे थांबली तर वेगवान कसली? माझ्या शब्दावर लोक तुमच्याकडे घरं घेतील आणि जन्मभर हप्ते फेडतील. ते मला झेपणार नाही." मग आम्ही शाळेचं पटांगण मागितलं, घरोघरच्या सतरंज्या गोळा केल्या.

सभेत पहिलाच प्रश्न आला, "गाडी बदलापूरला थांबणार का?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"मग आमचा फायदा काय?" असा एकच गलका झाला. बरेच लोक चपला शोधू लागले. त्या गडबडीत अक्का उभी राहिली. आवाज खणखणीत. "थांबंल का इचारताव. जाईल कोनाच्या पोटावरशी, त्ये कोन इचारील?" चपला शोधणारे काहीजण पुन्हा खाली बसले.

ताईंनी तिथल्या तिथे पाठिंब्याच्या ठरावाचा मसुदा पुढे ओढला आणि पहिलं कलम नव्याने लिहिलं: शेतकऱ्याच्या संमतीवाचून आणि जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाल्यावाचून आमचा पाठिंबा नाही. मोठ्याने वाचून त्यांनी अक्कालाच विचारलं, "बरोबर लिहिलंय का?" अक्काने होकारार्थी मान हलवली. जे उरले होते त्या सगळ्यांनी सह्या केल्या. अक्काने केली नाही, ताईंनीही आग्रह केला नाही. पुढच्या भाऊबीजेला मात्र तिने मला ओवाळलं. मी पाटावर बसून लहान मुलासारखा रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

गाडी अजून कागदावरच आहे. येईल, न येईल. ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, त्यांचे गुडघे त्यांना असेच गावोगाव फिरू देवोत, हे मागणं आम्हा सर्वांचंच. या ग्रंथासाठी लिहितोय म्हटल्यावर अक्कानेही निरोप दिला आहे, तो तसाच्या तसा पोचवतो: "बाईंना सांग, मी अजून तुमचे गारीच्या विरुद्धच हाय. पन तुमी शंभर वरसा जगा. उद्या जमीन मोजाला मानसा आली, तं मी हाक कोनाला मारू?"