फुकट तिकिटाची परतफेड

माझे काका काशीला पंचगंगा घाटावर पौरोहित्य करायचे आणि त्यांचा एक बाणा होता: फुकटचं घ्यायचं नाही. दक्षिणा ही कामाची. पण कुणी उगाच हातावर काही ठेवलं, तर त्याची परतफेड केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. अशा सज्जनाला लुबाडायला चोर लागत नाही. नव्वदच्या दशकात बनारसमध्ये त्यासाठी लॉटरीची दुकानं होती.

काकूच्या धाकट्या बहिणीचं साताऱ्याला लग्न ठरलं. आईमागे काकूनंच तिला वाढवलेलं. महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंना जेवू घालून काकूनं दोघांच्या प्रवासाचे पैसे साठवले आणि रिझर्व्हेशनसाठी काकांच्या हाती दिले. मी तेव्हा कॉलेजात होतो; मलाही सोबत धाडलं. दोन शिकलेली माणसं बरोबर असली की पैसा सुरक्षित राहतो, अशी तिची भाबडी समजूत.

स्टेशनच्या वाटेवर लॉटरीवाल्यानं हाक मारली. "गुरुजी, एक टिकट हमारी तरफ से. स्कीम है, एकदम फ्री!"

समोरून आलेलं नाकारणं उद्धटपणाचं, म्हणून काकांनी ते घेतलं. मग परतफेड म्हणून पाच विकत घेतली. पाचांवर एक फुकट होतं. त्याचीही परतफेड आलीच.

"काका, तो देत नाहीये, विकतोय," मी म्हणालो.

"तुला शास्त्र कळत नाही."

खरंच कळत नव्हतं. मी कॉमर्सला होतो. रिझर्व्हेशनच्या खिडकीपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

आणि काय आश्चर्य, एक तिकीट लागलं, तेही फुकटातलं! सातारा काय, येताना रामेश्वरही झालं असतं एवढी रक्कम. काका उपरणं सावरत दुकानात गेले.

"बधाई हो, गुरुजी. लेकिन फ्रीवाले का इनाम टिकट में ही मिलता है. पीछे लिखा है."

लिहिलं होतं खरं, मुंगीलाही चष्मा लागावा अशा अक्षरात. काका तिकिटांचा गठ्ठा घेऊन परतले आणि आठवड्याभरात त्याची रद्दी झाली. अशा स्कीमचा फायदा होतो का, असं मला अजून कुणी कुणी विचारतं. होतो की. त्या उन्हाळ्यात दुकानात नवा पंखा आला. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

काकू ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त मुहूर्ताची वेळ विचारून घेतली.

लग्नाच्या दिवशी त्या वेळेला ती ठेवणीतला शालू नेसून, मुठीत अक्षता घेऊन अंगणात उभी राहिली. "म्हणा मंगलाष्टकं," ती काकांना म्हणाली.

काशीतल्या निम्म्या मराठी लग्नांत ज्यांचा आवाज घुमला, त्या काकांना दुसऱ्या ओळीपुढे शब्द फुटेना.  मग उरलेली काकूनंच म्हटली, आणि समोरच्या भिंतीवर अक्षता टाकल्या.