उष्णता, मूळव्याध, संग्रहणी

अकोल्याहून तार आली. माझी शांताआत्या, बाबांची धाकटी बहीण, गेली. आता महिना होत आला. भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, "उष्णतेनं खाल्लं बिचारीले." मी आत निघून गेले. उष्णता हा शब्द मला आता ऐकवत नाही...

आत्या मुलींच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही. सुट्टीत मी गेले की माझं कॉन्व्हेंटचं मराठी ऐकून म्हणायची, "काय वं मॅडम, बोलून राहिली का भाषांतर करून राहिली?" हसता हसताच तिच्या पोटात कळ यायची आणि ती परसात धावायची. रक्त पडायचं, ताप यायचा. बेलाचा मुरांबा, ताक, आवेची इंजेक्शनं, सगळं झालं. आजोबांनाही असंच रक्त पडायचं, ती मूळव्याध. मोठे काका असेच झिजून गेले, ती संग्रहणी. आत्याची मात्र उष्णता. एकाच घरातल्या एकाच दुखण्याला तीन नावं दिली, त्यामुळे कुणी कधी बेरीजच केली नाही.

मागच्या वर्षी तिला नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा मी सोबत होते. आतड्याला आतून जखमा आहेत, हा रोग काही घराण्यांत उतरतो, पण कसा ते अजून नीट कळलेलं नाही, असं सांगून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात कुणाला?"

"नाही जी," बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "दादा, मंग आपल्या बाबाले काय होतं?"

"मूळव्याध. अन् हळू बोल, पोरीचं लगन व्हायचं हाये."

"माह्यं नाही झालं, ते बी मूळव्याधीनंच का?"

बाबांनी टांग्याला हात केला. त्यांनी डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण निदान त्या दुखण्याला त्याचं नाव तरी मिळालं असतं.

हिवाळ्यापासून माझ्याही पोटात तशीच कळ येते. आई म्हणते, उष्णता आहे, चहा कमी कर.

गेल्या रविवारी वरूडचे पाहुणे मला पाहायला आले. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "आत्याबाई कशानं गेल्या?" बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "आतड्याच्या रोगानं. आजोबांना आणि काकांनाही तोच होता." एवढं मोठं वाक्य मी परक्यांसमोर कधी बोलले नव्हते.

पाहुणे गेल्यावर बाबांनी दाराला कडी घातली. मग म्हणाले, "खरं बोलाचंच होतं त इंग्रजीत बोलाचं. त्याईले समजलं नसतं."

वरूडहून निरोप नाही. मला नागपूरला दाखवायचं नावही अजून कुणी काढत नाही.