इंटरनेट बदलायला निघाले आणि काचेचा तंतू बघून आले

मंडळी, सल्ला हवाय, पण आधी आज सकाळचं सांगते.

माझा भाऊ फौजेत आहे. दर रविवारी बाराला तो आईला व्हिडिओ कॉल करतो. आईला ऐकू येत नाही, ती त्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते. चित्र अडकलं की सगळं संपलं. आमचं इंटरनेट सारखं बंद पडतं, म्हणून मी दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं जवळपास ठरवलं होतं.

आज रविवार, आणि सकाळी दहालाच उसाच्या ट्रॉलीने वायर तोडली. आमचे केबलवाले संपतराव आले, रस्त्याकडेला पोत्यावर बसले आणि वायर सोलून आतला काचेचा तंतू काढला. केसाहून बारीक. तंतू जोडायच्या मशीनच्या पडद्यावर त्याची दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली आणि सांधा दिसेनासा झाला.

"एवढ्यातनं सगळं जातं?"

"व्हय की. तुमचा भाऊबी ह्यातनंच येतोय. जरा लांब ऱ्हावा ताई, धूळ बसती."

मी श्वासच रोखला. मग धीर करून विचारलं, "दुसऱ्या कंपनीचं घेऊ का?"

"घ्या की. त्यांचीबी वायर ह्याच खांबावर हाय. ट्रॉलीला कंपनी कळत न्हाई."

बाराला कॉल लागला. आई भावाला म्हणाली, "थंडीनं ओठ फाटलेत तुझे. तूप लाव."

तेवढ्याशा काचेतून तिला ते दिसलं. मला अजून खरं वाटत नाही.

पण या अप्रूपापोटी जुनंच कनेक्शन ठेवलं आणि एखाद्या रविवारी आई नुसती बसून राहिली, तर? तुम्ही काय केलं असतं?