ओळख न दाखवणारी नर्सबाई

पुसदच्या कुटुंब नियोजन केंद्रातली नर्सबाई बोलताना सारखी पदराला हात पुसायची. लूप बसवायला आलेली बाई अंग चोरून बसली की म्हणायची, "लाजता कायले? बाहेर भेटल्या तर मी तुम्हाले ओळखत नाही." सासूबाईंना न सांगता मीही तिच्याकडूनच लूप बसवून घेतला होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती शेजारणीसोबत आमच्या घरी आली. जमलेल्या निम्म्या बायका केंद्रात जाऊन आलेल्या. पण एकीनंही सरकून तिला जागा दिली नाही. सासूबाईंनी मला विचारलं, "ह्या कोण?" मी कुंकवाचा करंडा उचलला.

"ह्यायची अन् माही ओळख नाही," नर्सबाई पदराला हात पुसत म्हणाली.

मी तिला कुंकू लावलं, वाण दिलं आणि परक्या बाईला विचारावं तसं तिचं नाव विचारलं. तोवर ते मला खरंच माहीत नव्हतं.