एकाच्या पुढचा तक्ता

आमच्या गणिताच्या संशोधनात एक लबाडी सगळेच करतात आणि तिला कोणी लबाडी म्हणत नाही. तक्ता एकाशी थांबवायचा. शून्य, मग दशांश दोन, चार, सहा, आठ आणि एक. प्रत्येक आकड्यासमोर संगणकानं काढलेलं खरं उत्तर, आपलं उत्तर आणि दोघांतला फरक. फरक इतका बारीक की बघणाऱ्यानं मान डोलवावी. खाली एक ओळ टाकायची, की पद्धत अत्यंत अचूक आहे. झालं, पेपर छापून येतो. मीही असे पेपर लिहिले, एक-दोन नाही, चांगले ढीगभर.

ज्यांना हे सगळं परकं आहे त्यांच्यासाठी सांगते. वर्गात आम्ही शिकवतो ती समीकरणं सुटतात, कारण ती सुटणारी म्हणून वेचून काढलेली असतात. बाहेरची बहुतेक सुटत नाहीत. मग त्यांना अंदाजानं धरावं लागतं. पहिला अंदाज घ्यायचा, त्यात दुरुस्ती मिळवायची, मग त्या दुरुस्तीची दुरुस्ती. अशी चार-पाच पदं झाली की थांबायचं आणि म्हणायचं, हे उत्तराच्या जवळ आहे. जवळ असतंही, पण सुरुवात केली त्या जागेच्या आसपासच. तिथून लांब गेलं की मालिका उधळते. म्हणून एकाशी थांबायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नागपुरातल्या एका कॉलेजात मी तीस वर्षं गणित शिकवलं. घर तिथेच, नंदनवन भागात. स्वभाव तापट, तोंड फटकळ. पोरी माझ्या मागे मला भिवापुरी मिरची म्हणायच्या. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. पीएचडीला विद्यार्थी मोजकेच घेतले. ही गोष्ट त्यातल्या शेवटच्या मुलीची.

ती खाप्याहून यायची. एसटीनं सावनेर, तिथून दुसरी गाडी. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. ती स्वतः एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे घेतलेल्या तासांपुरती नोकरी आणि उन्हाळा लागला की घरी. त्याच कॉलेजात कायमची जागा निघणार होती आणि त्या जागेला पीएचडी लागत होती. चार वर्षं ती त्या एका जागेकडे डोळे लावून बसली होती. घरातले सगळेच बसले होते.

रविवारी ती माझ्या घरी यायची. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आम्ही बसायचो. दुपारी मी पाटवडीचा रस्सा करायची, कारण तिला तो आवडायचा आणि ती मागून घ्यायची नाही, वाढावाच लागायचा. आमचे हे म्हणायचे, "आली वं तुझी पोरगी." मला मूलबाळ नाही. हे इथे लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तिला मी दिलेलं समीकरण वाढीचं होतं. काहीतरी आधी भराभर वाढतं, मग जागा अपुरी पडते आणि वाढ मंदावून सपाट होते. फक्त यात साध्या विकलनाऐवजी पाऊण वेळा केलेलं विकलन होतं. हसू नका, असं असतं. साधं विकलन या घडीचा वेग सांगून मोकळं होतं. पाऊण विकलनाला मात्र अगदी शून्यापासूनचा सगळा मागचा हिशोब लागतो. त्यामुळे ते किचकट, आणि किचकट म्हणून पेपराला बरं.

एका रविवारी तिनं विचारलं, "मॅडम, आपण एकाच्या पुढं काहून नाही जात?"

"गरज नाही म्हणून," मी म्हटलं आणि विषय बदलला.

पुढच्या रविवारी ती तीनपर्यंत जाऊन आली होती. तिनं दोन रेघांचा आलेख समोर ठेवला. संगणकानं काढलेलं उत्तर शहाण्यासारखं सपाट झालेलं, आणि आमची मालिका कागदाबाहेर गेलेली. दुसऱ्याच्या घरातलं भांडं हातून फुटावं तसा तिचा चेहरा झाला होता. "माझं कुठंतरी चुकून राहिलं, मॅडम," ती म्हणाली.

तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. कळलं होतं म्हणजे काय, मला ते वीस वर्षांपासून माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं की पोरी, तू बरोबर आहेस. मी म्हटलं, "पुन्हा नीट तपास." आणि ती बिचारी तीन आठवडे नसलेली चूक शोधत बसली. आजही ते तीन आठवडे आठवले की मला स्वतःची शिसारी येते.

चौथ्या आठवड्यात ती आली ती निराळीच. चूक नाही, हे तिचं तिनंच ठरवलं होतं, आणि तेवढ्यावर न थांबता उपायही आणला होता. अंतराचे लहान लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला नवा अंदाज घ्यायचा. मी तिथेच तिच्यावर उखडले. "अवं, हे साधं समीकरण आहे का? दर तुकड्याला नव्यानं सुरुवात केली तर मागचं कुठं टाकशील?"

"टाकत नाही, मॅडम. मागचं सोबत घेऊनच पुढच्या तुकड्यात जाते. बघा ना."

बघितलं. अकरा पानं होती, हातानं लिहिलेली, कुठे खाडाखोड नाही. मागचा सगळा हिशोब तिनं दर टप्प्यावर नीट उचलून आणला होता. तीनपर्यंत उत्तर सुतासारखं सरळ येत होतं. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पानं ठेवून दोनदा तपासलं. बरोबर होतं. माझ्या सगळ्या कामापेक्षा चांगलं होतं. मला अभिमान वाटला आणि पाठोपाठ भीती. कारण ही पानं छापायची म्हणजे आधी लिहावं लागणार, की आजवरचे तक्ते एकाच्या पुढे फोल आहेत. आणि कोणाचे तक्ते, तर त्या यादीत पहिलं नाव माझं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मला निरोप समारंभ हवा होता, शाल-श्रीफळ हवं होतं, कोणी बोट दाखवायला नको होतं.

पुढच्या रविवारी मी त्या अकरा पानांवर लाल पेनानं तिरपी रेघ मारून दिली. "प्रबंध फार लांबतो. परीक्षक उगाच अडकतो. याचा पुढे वेगळा पेपर करू." तिनं आपली वही मिटली. मग "बरं, मॅडम" म्हणाली आणि जेवायला बसली. पानं माझ्याकडेच राहिली.

वर्षभरानं तोंडी परीक्षा ठरली, त्या दिवशी तिचे आईवडील खाप्याहून आले. वडिलांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते शेवटच्या रांगेत अंग चोरून बसले होते. बाहेर टेबलावर समोसे आणि पेढ्यांचे डबे मांडून ठेवलेले. परीक्षक परगावचे, म्हातारे, मऊ बोलणारे गृहस्थ. तिनं चाळीस मिनिटं छान मांडलं. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तुमचे सगळे तक्ते एकाशी थांबतात. दोनला काय होतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्याचा मी एकच अर्थ लावला. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, आता ही माझं नाव घेणार. सगळ्या विभागासमोर सांगणार की मॅडमनी रेघ मारली. आणि ती तोंड उघडायच्या आत मी बोलून गेले. "मी तिला कितीदा म्हटलं, सर, पुढं तपासून बघ म्हणून. पण आजकालच्या मुलांना घाई असते."

आजकालच्या मुलांना. हे माझे शब्द आहेत. मला कोणी शिकवले नव्हते.

ती माझ्याकडे बघतच होती. मग तिनं मान वळवली आणि परीक्षकांना म्हणाली, "हो सर. माझं राहून गेलं."

त्यांनी शेरा लिहिला, दुरुस्ती करून सहा महिन्यांत प्रबंध पुन्हा सादर करावा. बाहेर समोसे गार झाले होते. कोणी खावं की नाही हे कोणाला कळेना. तिचे वडील हात जोडून माझ्याजवळ आले. "पोरीचं काय चुकलं जी, मॅडम?" मी म्हटलं, "थोडंसं राहिलंय. होऊन जाईल."

मला खरंच वाटलं होतं की होऊन जाईल. अकरा पानं तयार होती, जोडली की झालं. मी पुढच्या रविवारी रस्सा करून ठेवला. ती आली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. फोन केला की वाजून वाजून बंद व्हायचा. आधी मला राग आला, इतकं काय झालं म्हणून. माझा राग नेहमी आधी येतो. मधल्या काळात कॉलेजातली ती कायमची जागा भरली गेली, दुसऱ्याच कोणाला मिळाली. पाच महिने असे गेले. तेव्हा मी ती पानं पिशवीत घातली आणि खाप्याची गाडी धरली.

तिच्या घरी समोरच्या खोलीत दहावीची आठ-दहा मुलं बसली होती. ती त्यांना बीजगणित शिकवत होती. मला बघून उठली, मुलांना उदाहरण दिलं, मला आत नेलं, वाकून नमस्कार केला. चहा केला. तिनं तोंड फिरवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी पानं काढून समोर ठेवली. म्हटलं, "अजून महिना आहे. ही जोड आणि दे. मी परीक्षकांना पत्र लिहिते की ही पानं मीच काढायला लावली होती. माझं चुकलं, पोरी." तीस वर्षांत मी कोणा विद्यार्थ्यासमोर हे शब्द उच्चारले नव्हते.

तिनं पानं हातात घेतली नाहीत. लाल रेघेवर नुसतं बोट ठेवलं.

"मॅडम, त्या दिवशी मी तुमच्याकडं काहून बघितलं, माहीत आहे तुम्हाले?"

मी म्हटलं, "मी तुला वाचवावं म्हणून."

"नाही. मी म्हणणारच होती की माझं राहून गेलं. तुमचं नाव मी कशाले घेतलं असतं? तुम्ही घाबरू नका, एवढंच सांगाले बघितलं होतं." तिनं रेघेवरचं बोट उचललं. "तुम्ही काही नसतं बोललं तरी चाललं असतं, मॅडम. नुसतं गप्प बसाचं होतं."

त्या दिवशी एक क्षण मी नुसती गप्प राहिले असते तर डिग्री तेव्हाही अडली असती, पण पोरगी माझी राहिली असती. आणि तिनं अकरा पानं जोडून महिन्याभरात प्रबंध देऊनही टाकला असता.

"दे ना गं," मी म्हटलं. "माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी."

"दोनदा बसली होती मी. तक्ता काढाले घेतला की तुमचं ते वाक्य ऐकू येते. नाही होत माझ्यानं." मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "पत्र-बित्र लिहू नका. तुमचा निरोप समारंभ आहे ना पुढच्या महिन्यात." आणि मुलांचा गलबला वाढला म्हणून बाहेरच्या खोलीत गेली.

तिचे वडील दुकान बंद करून मला स्टँडवर पोचवायला आले. नको म्हटलं तरी माझी पिशवी त्यांनीच धरली. गाडी लागली तेव्हा पिशवी माझ्या हातात दिली आणि पुन्हा हात जोडले.

"पोरीनं सांगितलं मले सगळं," ते म्हणाले. "तुमी चार वर्स लेकीवानी शिकवलं, आन् तिनं तुमचं आयकलं नाही. एवढ्या लोकांत तुमाले खाली पाहाले लावलं. लहान समजून माफ करजा, मॅडम."

गाडीचा दरवाजा उघडा होता. कंडक्टर चला चला करत होता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "असू द्या."